आर्डिसच्या बाकाचं खातं

बाकाला बँकेत खातं लागतं, हे मला बायको गेल्यावर कळलं. ती असती तर आधी खातं उघडलं असतं आणि मगच बाकाचा विषय निघाला असता. पण आमच्या घरात विचार करायचं खातं तिच्याकडे होतं आणि गाडी चालवायचं माझ्याकडे. तीस-पस्तीस वर्षं मी गावातल्या शाळेत मुलांना गाडी शिकवली. आमच्या गावात जो कोणी दोन गाड्यांच्या मधल्या जागेत नीट गाडी लावतो, तो माझा विद्यार्थी, आणि जो लावू शकत नाही तोही माझाच.

बाकाची घोषणा झाली ती दफनानंतरच्या जेवणाला, चर्चच्या तळघरात. आमच्याकडे, मिनेसोटात, दुःख झालं की माणसं रडत नाहीत, जेवतात. हॅमचे सँडविच, बटाटे घालून भट्टीत भाजलेली हॉटडिश, लिंबाच्या वड्या आणि पातळ कॉफी. येणारा प्रत्येक जण दाराशी ठेवलेल्या टोपलीत एक पाकीट टाकतो. पाकिटात गेलेल्या माणसाच्या आठवणीखातर दिलेला चेक असतो. घरच्यांनी त्या पैशाचं काहीतरी चांगलं करायचं, असा शिरस्ता आहे. फुलं मात्र आणू नका असं आम्ही निधनाच्या बातमीत छापलं होतं. आर्डिसचंच म्हणणं होतं ते. फुलं चार दिवसांनी सुकतात आणि घरच्यांना परत एकदा वाईट वाटतं, असं ती म्हणायची.

तरीही एक गुच्छ आलाच. पिवळे ट्युलिप, वसंतातलं फूल, तेही नोव्हेंबरात! चिठ्ठी नाही, नाव नाही. ज्याला साधं वर्तमानपत्र वाचता येत नाही अशा माणसाचा मला इतका राग आला, की तो गुच्छ मी उचलून कोट टांगायच्या दांडीमागे नेऊन ठेवला. नोव्हेंबरात ट्युलिप मागवणारा माणूस एकतर श्रीमंत असणार नाहीतर मूर्ख, असं मी ड्वेनला म्हणालोसुद्धा. ड्वेन हॉगन माझा शेजारी. तो म्हणाला, "दोन्हीही असू शकतो."

तेवढ्यात मार्लिस आली. चर्चच्या स्वयंपाकघरावर मार्लिसचं राज्य आहे. हातात कॉफीची किटली, काखेत चेकबुक.

"हार्लन, चेक कोणाच्या नावाने लिहायचे रे? लोक विचारतायत."

मी तीन रात्री झोपलो नव्हतो. तळघराच्या उंच खिडकीतून तळ्याचा एक तुकडा दिसत होता. आर्डिस रोज सकाळी तिथे चालत जायची आणि परत येऊन म्हणायची, बसायला काही असतं तर अजून थांबले असते. मी म्हणालो, "तिच्या नावाचं एक बाक करू. तळ्याकाठी."

"बाक!" मार्लिस वळली आणि किटली उंच धरून सगळ्या तळघराला ऐकू जाईल असं म्हणाली, "बाक! आर्डिसचं बाक!"

आणि माझी चांगली, कायद्याने चालणारी, कधी लाल सिग्नल न मोडलेली माणसं भराभरा पेनं काढून चेकवर लिहू लागली : आर्डिसचं बाक. काहींनी चेकच्या खालच्या, कारण लिहायच्या ओळीत मजकूरही लिहिला. "कॉफीबद्दल." "माझ्या मुलीच्या लग्नातल्या पडद्यांबद्दल." एकाने नुसतं "गाजरांबद्दल" असं लिहिलं होतं. कसली गाजरं, ते आता विचारायला कोणी नाही.

थोडं सावरल्यावर मी पाकिटं घेऊन बँकेत गेलो. तिथे ब्रिटा सोलेम बसते. मोठी सालस मुलगी. मी तिला गाडीच्या परीक्षेत नापास केलं होतं आणि ती ते विसरलेली नाही, पण बोलून दाखवत नाही.

"सर, हे चेक बाकाच्या नावाने आहेत."

"हो."

"म्हणजे तुम्हाला नाही वटवता येणार. ज्याच्या नावाने आहेत त्याच्या खात्यात भरावे लागतील."

"अगं, पण ते बाक आहे."

"तेच म्हणतेय मी," ती हळूच म्हणाली.

मग कळलं की बाकाला आधी संस्था व्हावं लागतं. संस्थेला कर-खात्याचा नंबर लागतो. नंबराला अर्ज लागतो आणि अर्जात विचारतात की संस्था सध्या काय काम करते. मी खरं तेच लिहिलं : लोकांना बसू देणे. त्यात डिसेंबर गेला. गावच्या बागखात्याने सांगितलं की बर्फ वितळल्यावर बाक बसवायचं असेल तर एप्रिलच्या आत पैसे भरा. आणि ब्रिटाने सांगितलं की चेक सहा महिन्यांनी शिळे होतात. शिळे झाले तर सगळ्यांकडून परत लिहून घ्यायचे.

आमच्या गावात हे अशक्य आहे. कोणाच्या दारात जाऊन "तुम्ही माझ्या बायकोसाठी दिलेले पैसे मी वाया घालवले, परत द्या" म्हणण्यापेक्षा मी तळ्यावरच्या बर्फात भोक पाडून आत उतरलो असतो. शिवाय आमच्याकडचे लोक चेकबुकाचा हिशेब दर महिन्याला जुळवतात. एक चेक वटला नाही की त्यांना झोप लागत नाही. जानेवारीपासून जो भेटेल तो म्हणायचा, "हार्लन, घाई नाही हं. अगदी सावकाश." आमच्याकडे एखाद्याचा गळा धरायची हीच पद्धत आहे.

अखेर बाकाला नंबर मिळाला. मी कोट-टाय घालून बँकेत गेलो. ब्रिटाने सगळं मशीनमध्ये भरलं, आणि तिचे कान लाल झाले.

"सर, नाही म्हणतंय."

"कोण?"

"म्हणजे... सगळ्या बँकांची मिळून एक नोंद असते. कोणी खातं शून्याच्या खाली नेऊन तसंच सोडलं आणि बँकेला ते बंद करावं लागलं, की त्यात नाव जातं. पाच वर्षं राहतं. नवीन खातं उघडताना आम्हाला ते बघावंच लागतं."

"मग? बाकाचं काय चुकलं?"

"बाकाचं सगळं नीट आहे, सर." तिने मान खाली घातली. "तुमचं नाहीये."

मी आयुष्यात लायब्ररीचं पुस्तक उशिरा परत केलेलं नाही. ह्याच बँकेत माझं खातं ब्रिटाच्या जन्माआधीपासून आहे. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, जुनं खातं राहील, त्याला कोणी हात लावत नाही, नवीन मिळणार नाही. म्हणजे जुना हार्लन लिंडक्विस्ट सज्जन आणि नवा बदमाश. मी टाय सैल करून बाहेर आलो. गाडी मागे घेताना बँकेच्या पाटीला धक्का लागला आणि खिडकीतून ब्रिटाने ते पाहिलं. ती काही बोलली नाही, तिचा स्वभावच तसा आहे.

संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. ब्रिटाने सांगितलं नसणार, पण माझ्यामागे रांगेत ड्वेनची बायको उभी होती.

ड्वेन बर्फ उडवायचं यंत्र ढकलत माझ्या अंगणात आला. माझ्या अंगणातला बर्फ मी सकाळीच काढला होता, तरी त्याने यंत्र चालूच ठेवलं. आमच्याकडे माणूस मोकळ्या हाताने सांत्वन करायला येत नाही.

"अरे, त्यात काय! अशा लोकांसाठी 'दुसरी संधी' म्हणून खातं असतं. माझ्या मेव्हण्याला दिलं होतं."

"त्याला कशामुळे?"

"तुरुंगातून सुटल्यावर." ड्वेनने यंत्र बंद केलं. "मस्त माणूस आहे पण आता."

मार्लिसचा उपाय वेगळा होता. "चर्चच्या खात्यात भर की! चर्चला कोण नाही म्हणणार?" चर्चच्या समितीची सभा झाली. तीत सर्वांनी आर्डिसबद्दल दोन-दोन वाक्यं चांगली बोलून झाल्यावर खजिनदार म्हणाला, की पैसा चर्चच्या खात्यातून जाणारच आहे, तर तळघरात भांडी धुण्याचं मशीन घ्यावं का? वर आर्डिसच्या नावाची पितळी पाटी लावू. लोक बसतात उन्हाळ्यात तीन महिने, भांडी वर्षभर घासावी लागतात.

आर्डिसने त्या तळघरात तीस वर्षं हाताने कप विसळले. तिच्या हातांना कायम त्या साबणाचा वास यायचा. ती असेपर्यंत मशीन कोणाला सुचलं नाही. मी उठलो, "बरं, विचार करतो" म्हणालो, आणि मार्लिसच्या लिंबाच्या वड्या न खाता घरी आलो. आमच्या गावात ह्याला भांडण म्हणतात. मार्लिस दोन रविवार माझ्याशी नुसती हवामानावर बोलली.

शेवटी ज्या कंपनीकडे ती नोंद असते तिला मी फोन केला. प्रत्येकाला आपल्यावरचा अहवाल फुकट मागवता येतो. फक्त आपण आपणच आहोत हे पटवून द्यावं लागतं. मशीनमधल्या बाईने विचारलं, अमुक साली तुम्ही ह्यातल्या कुठल्या रस्त्यावर राहत होता? असल्या गोष्टी आर्डिसला पाठ. मी सवयीने स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, आणि मग माझा मीच उत्तर शोधत बसलो. तोवर बाईने फोन ठेवला होता. दुसऱ्या खेपेला जमलं.

अहवाल आला. खातं एकच होतं, आणि खातेदार दोन : हार्लन लिंडक्विस्ट आणि ट्रॉय लिंडक्विस्ट.

ट्रॉय आमचा एकुलता एक मुलगा. तो सोळा वर्षांचा झाला तेव्हा लोकांची हिरवळ कापून त्याने पैसे जमवले होते. आमच्याकडे प्रत्येक बाप करतो तेच मी केलं. त्याला टाय बांधायला लावला, गावातल्या दुसऱ्या एका बँकेत नेलं, जोडखातं उघडलं आणि परत येताना गाडीत जबाबदारी ह्या विषयावर भाषण दिलं. बँक नंतर दोनदा विकली गेली, पाटी बदलली, मी ते खातं विसरून गेलो. ट्रॉय ॲरिझोनात राहायला गेला. आणि ह्या हिवाळ्यात त्याच्या नावाने कुठल्याशा बँकेची पाकिटं येत होती, ती मी न उघडता, वर सुवाच्य अक्षरात "इथे राहत नाही" असं लिहून, पोस्टमनच्या हातात परत देत होतो. दुसऱ्याचं पत्र उघडू नये, ही शिस्त मी त्यालाच शिकवली होती. आपण किती नियमाने वागतो, ह्याचा मला त्या वेळी अभिमानही वाटला होता.

म्हणजे आता ट्रॉयशी बोलणं आलं.

आमचं भांडण वगैरे नव्हतं. भांडायलासुद्धा बोलावं लागतं. तो दर रविवारी दुपारी फोन करायचा. मी उचलायचो. तो "बाबा" म्हणायचा, मी "थंडी कशी आहे?" विचारायचो. तो "इथे थंडी नसते" म्हणायचा. मग मी म्हणायचो, "थांब, आईला देतो." मग ती तास-तासभर बोलायची, हसायची, फोनची वायर बोटाला गुंडाळायची, आणि रात्री जेवताना मला त्याची हकिकत सांगायची. मला वाटायचं मी मुलाशी बोलतोच आहे. ती गेली त्या दिवशी मी त्याला कळवलं. तो म्हणाला, "मला यायला नाही जमणार, बाबा. काम आहे." मी म्हणालो, "बरं." त्यानंतर रविवारी फोन वाजला नाही. आईच्या मातीला जो आला नाही त्याच्याविषयी मनात काय येतं ते मी कोणाला सांगितलं नाही, पण गावाला ते माझ्या तोंडावर दिसत असणार. ट्रॉय कसा आहे, हे मला कोणी विचारत नव्हतं.

मी फोन केला तो रविवारीच, दुपारी. चांगलं खडसावायचं असं ठरवलं होतं. जबाबदारीवरचं ते जुनं भाषण मनात एकदा म्हणूनही पाहिलं.

"बाबा?" तो घाबरलाच. "काय झालं?"

"काही नाही. ते आपलं बँकेचं खातं आहे ना, जोडखातं. ते तू शून्याच्या खाली नेलंस. त्यामुळे माझं नाव काळ्या यादीत गेलंय आणि तुझ्या आईचं बाक अडकलंय."

"आईचं काय?"

मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. टोपली, मार्लिस, बाकाचा नंबर, भांड्यांचं मशीन. मी त्याच्याशी एका दमात एवढं कधीच बोललो नव्हतो. भांड्यांच्या मशीनपाशी तो थोडा हसल्यासारखा वाटला.

"मी भरतो, बाबा. थोडा वेळ द्या. काम सुटलंय माझं. ऑगस्टपासून."

"पण तू तर काम आहे म्हणाला होतास."

तो गप्प. मीही गप्प. आमच्या घराण्यात ह्यात कोणी हरत नाही, पण त्या दिवशी तो हरला.

"तिकिटाचे पैसे नव्हते. तुम्हाला मागायची लाज वाटली. आई दर महिन्याच्या पंधरा तारखेला त्या खात्यात थोडे टाकायची. शिवणाचे वगैरे. तुम्हाला सांगू नको म्हणाली होती, बाबा चिडतात म्हणून. तेवढ्यात तिकीट येत नव्हतं, मग फुलं मागवली. तिच्या अंगणातली, बर्फ गेल्यावर पहिली यायची ती. चिठ्ठीवर काय लिहू विचारलं दुकानवाल्याने, मला काही सुचलं नाही. खात्यात तेवढे नव्हते, पण म्हटलं, आहे काय त्यात, पंधरा तारखेला आईचे पैसे येतीलच." त्याने श्वास घेतला. "आणि मग पंधरा तारीख आली तेव्हा लक्षात आलं, बाबा. की कोणाचे येणार."

कोटांची ती दांडी डोळ्यांसमोर आली, आणि तिच्यामागे, पाण्याविना, ते पिवळे ट्युलिप. अशा वेळी काय करायचं ते मला तेवढं एकच माहीत होतं, आणि तेच तोंडातून निघून गेलं.

"थांब," मी म्हणालो, "आईला देतो."

फोन कानाला लावूनच मी मुलाला रडताना ऐकलं. तो लहान असतानासुद्धा रडायला तिच्याकडे जायचा. मी तसाच उभा होतो. मीही रडलो, स्वयंपाकघराकडे पाठ करून. फोन मात्र दोघांनीही ठेवला नाही.

त्या खात्याची उणे बाकी मी दुसऱ्याच दिवशी भरली. फुलांची किंमत थोडी आणि तिच्यावरचे दंडच जास्त होते. पण नोंद तशी लगेच पुसत नाही, "फेडलं" असा शेरा तेवढा मारतात. ब्रिटा आत जाऊन साहेबांशी बराच वेळ बोलली आणि बाहेर येऊन चोरट्यासारखी म्हणाली, "सर, एक खातं देता येईल. त्याचं नाव जरा..."

"दुसरी संधी," मी म्हणालो. "ड्वेनच्या मेव्हण्याकडे आहे. चालेल."

"पण संस्थेला सह्या दोन लागतात. दुसरं नाव कोणाचं घालू?"

दुसऱ्या नावासाठी गावात तोटा नव्हता. ड्वेन तयार होता. हवामान सोडून परत माझ्याशी बोलू लागलेली मार्लिस तर पेन घेऊनच फिरत होती. मी म्हणालो, "ट्रॉय लिंडक्विस्ट."

ब्रिटाने मशीनमध्ये पाहिलं. "सर, तेही त्याच यादीत आहेत."

"माहीत आहे मला."

"म्हणजे दोघांचीही नावं..."

"ब्रिटा, तू नापास झालीस तेव्हा मी तुला दुसऱ्यांदा गाडीत बसू दिलं होतं की नाही?"

"दिलं होतंत. पण तिसऱ्या वेळी पास झाले मी, सर," ती म्हणाली आणि तिने नाव टाइप केलं.

कागद ॲरिझोनाला जाऊन सही होऊन आले. चेक शिळे व्हायच्या आत भरले. गाजरवाला चेकसुद्धा वटला. गावातले सगळे हिशेब जुळले आणि लोक मला घाई नाही असं म्हणायचं थांबले. तळ्यावरचा बर्फ गेला तशी बागखात्याची माणसं बाक बसवून गेली. मी जाऊन बसलो. ते थोडं ओलं होतं आणि उजवीकडे किंचित कललेलं आहे, पण माणूस बसतो. अंगणात ट्युलिप आले होते. त्यातले थोडे नेऊन मी बाकावर ठेवले. फुलं आणायची नाहीत हे मला माहीत होतं.

ट्रॉयला अजून काम मिळालेलं नाही. मिळालं की येतो म्हणालाय. तिकीट मी काढतो म्हटलं तर नाही म्हणाला. ह्या बाबतीत तो माझ्यावर गेला आहे.

गेल्या रविवारी दुपारी मी भांडी विसळत होतो तेव्हा फोन वाजला. ओल्या हातानेच उचलला.

"बाबा?"

"थंडी कशी आहे?"

"इथे थंडी नसते, बाबा."

"हो, खरंच." भिंतीवरच्या फोनपाशी उभं राहून बोलायची माझी जागा ठरलेली, आणि बसून बोलायची तिची. तिची खुर्ची टेबलाखाली सारून ठेवलेली होती, ती गेल्यापासून तशीच.

"बाबा? आहात ना?"

"आहे रे. थांब," मी म्हणालो, "खुर्ची ओढून घेतो."